खुर्ची कशी सोडली, ते विचारू या

प्रति,
बडोद्यातली मराठी मंडळे, वाचनालये आणि व्याख्यानमाला चालवणारे सर्व कार्यकर्ते

स. न. वि. वि.

दिवाळीनंतर तुमच्यातल्याच एका मंडळाची बैठक झाली. व्याख्यानमालेसाठी विषय सुचवा म्हणालात, म्हणून मी सुचवला. आफ्रिका खंडातले देश एका माणसाच्या राज्यातून मतपेटीच्या राज्यात कसे आले, कुठे अडले, कुठून मागे फिरले, यावर एक संध्याकाळ ठेवा. बोलायला प्राध्यापक नकोत, आपल्या विद्यापीठात शिकणारी तिकडची मुलंच बोलवा. एक जण हसले. दुसरे म्हणाले, "बाई, ऐकायला येणार कोण?" तिसऱ्यांनी नेहमीप्रमाणे सयाजीराव महाराज सुचवले आणि ते मंजूरही झाले.

सयाजीरावांवर मी या गावात वीसेक व्याख्यानं ऐकली आहेत, दोन स्वतः दिली आहेत. ती सगळी १९३९ साली संपतात. महाराज जातात, सभागृह गहिवरतं, आभारप्रदर्शन होतं. पुढे महाराजांच्या प्रजेचं काय झालं, ती मतदार कधी आणि कशी झाली, हे कुणी विचारत नाही. माझा विषय नेमका तिथून सुरू होतो. बैठकीत चहा आला आणि माझं बोलणं राहिलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी माझ्या माडीबद्दल. मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. परीक्षा जवळ आली की ज्याचा तास गणिताला देऊन टाकतात, तो विषय. निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या घराची माडी रिकामी पडून होती. ओळखीच्या एका प्राध्यापिकेने विचारलं, मलावीचा एक मुलगा आहे, एम.एस्सी. करतोय, खोली द्याल का? मलावी मला नकाशात शोधावा लागला, हे कबूल करते. एका भल्यामोठ्या तळ्याच्या काठाने उभा पसरलेला चिंचोळा देश आहे.

माझ्याकडे येण्याआधी त्याला सात घरांनी नाही म्हटलं होतं. एकांनी खोली गेली म्हणून सांगितलं, पण 'भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढे महिनाभर लटकत होती. १९१७ साली बडोदे सरकारच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना या गावात कुणी जागा दिली नव्हती. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना लाठ्या दाखवून बाहेर काढलं गेलं. त्या दिवशी ते कमाटीबागेत जाऊन बसले, तिथे आता आपण हार घेऊन जातो. याहून जास्त लिहीत नाही.

पहिल्याच रविवारी त्याने खाली येऊन मला न्सिमा करून खाऊ घातलं. मक्याच्या पिठाची आपली उकडच म्हणा, फक्त घट्ट आणि बिनफोडणीची. मी त्याला सेव-उसळ खायला नेलं. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी त्याने दुसरी प्लेट मागितली. तिथून आमच्या गप्पा सुरू झाल्या आणि मला कळलं, की नागरिकशास्त्राचं पुस्तक मी नुसतं शिकवलं होतं, हा मुलगा त्यातून जाऊन आलेला आहे.

मे २०१९ मध्ये मलावीत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. पीटर मुथारिका पुन्हा निवडून आल्याचं जाहीर झालं. पण मतमोजणीचे तक्ते बाहेर आले तेव्हा कितीतरी तक्त्यांवर आकडे व्हाइटनरने पुसून वर नवे आकडे घातलेले. तिकडे व्हाइटनरला टिपेक्स म्हणतात, म्हणून त्या निवडणुकीचं नावच 'टिपेक्स निवडणूक' पडलं. लोक महिनोन्महिने रस्त्यावर उतरत राहिले. हरलेले उमेदवार कोर्टात गेले. ३ फेब्रुवारी २०२० ला पाच न्यायाधीश लष्कराच्या बंदोबस्तात, बुलेटप्रूफ जाकिटं घालून कोर्टात आले आणि निकाल वाचायला बसले. वाचन जवळजवळ दहा तास चाललं आणि ते रेडिओवरून देशभर ऐकवलं गेलं. हा मुलगा तेव्हा शाळेत होता. सांगत होता, गावात त्या दिवशी शेतावर कुणी गेलं नाही, आणि वडिलांनी रेडिओसाठी सेलची दुसरी जोडी आधीच आणून ठेवली होती. निवडणूक रद्द झाली. जूनमध्ये फेरनिवडणूक होऊन विरोधी पक्षाचे लाझारस चकवेरा राष्ट्राध्यक्ष झाले.

मी त्याला म्हटलं, आमच्याकडे कोर्टाचा निकाल दहा तास कुणी ऐकत बसेल असं मला वाटत नाही. तो म्हणाला, आंटी, तो निकाल नव्हता, ती आमची मतमोजणी होती.

तुम्ही म्हणाल, झालं, सत्याचा विजय झाला, गोष्ट संपली. गोष्ट संपलेली नाही. चकवेरांच्या काळात महागाई भडकली, परकीय चलन आटलं, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि जिंकलं कोण, तर तेच मुथारिका, ज्यांचा विजय कोर्टाने रद्द केला होता. चकवेरांनी पराभव मान्य केला. निकाल आला त्या रात्री हा मुलगा माझ्या ओसरीवर मोबाइल घेऊन बसला होता. वाईट वाटलं का, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, तिथे असतो तर मी त्यांना मत दिलं नसतं, पण या वेळी ते मतांनी आले आहेत.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. १९७३ च्या शेवटी अहमदाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं, मुलं भडकली, त्यातून नवनिर्माण आंदोलन उभं राहिलं आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना जावं लागलं. तुमच्यातले निम्मे जण तेव्हा रस्त्यावर होते, आणि उरलेले निम्मे आता 'आम्हीही होतो' म्हणून सांगतात. तेच चिमणभाई १९९० साली निवडून येऊन पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा आपण काही डोकं फोडून घेतलं नाही. हरलेला माणूस परत येऊ शकतो, म्हणूनच तो हरायला तयार होतो. हे मला मलावीने शिकवलं, पण चिमणभाईंवरूनही कळायला हवं होतं.

त्या मुलाने एकदा मला अडचणीत आणलं. राजवाड्यावरून येताना त्याने विचारलं, "तुमचा राजा खुर्चीवरून स्वतःहून उठला का?"

एका वाक्यात सांगता येईना. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तेव्हाचे महाराज प्रतापसिंहराव यांना ते पचलं नाही. १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांना गादीवरून दूर केलं आणि पुत्र फत्तेसिंहराव गादीवर आले. पुढे १९५७ साली हेच फत्तेसिंहराव काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेला उभे राहिले आणि निवडूनही आले. तेव्हा मी सात वर्षांची होते. आजीचं बोट धरून मतदानकेंद्रावर गेले होते. त्या काळी दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असायचं. आजीने दारात चपला काढल्या, कारण आत 'सरकार' आहेत अशी तिची समजूत. आत पाहते तर सरकार नाहीत, नुसती पेटी, आणि तिच्यावर बैलजोडी. घरी आल्यावर दिवसभर तिचं एकच चाललं होतं, "महाराजांच्या पेटीवर बैल कशाला चिकटवायचे?" पण संध्याकाळी आजोबांशी बोलताना ती जे म्हणाली ते घरात अजून सांगतात: "आज सरकारांनी माझ्याकडे काही मागितलं."

मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की खालच्या बाई बघायला आल्या. मग त्याने गांबियाचं सांगितलं. पश्चिम आफ्रिकेतला तो छोटा देश गोट्यांनी मतदान करतो. उमेदवारांचे रंगीत पिंप ओळीने ठेवलेले असतात. मतदाराने आपल्या उमेदवाराच्या पिंपात काचेची गोटी टाकायची. गोटी आत पडली की घंटा वाजते, म्हणजे कुणी दोन टाकल्या तर लगेच कळावं. सायकलची घंटाही तशीच वाजते, म्हणून मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकली बंद. याच गोट्यांनी डिसेंबर २०१६ मध्ये २२ वर्षं सत्तेवर असलेल्या याह्या जामेहना हरवलं. आधी ते हो म्हणाले, मग फिरले. शेवटी शेजारच्या देशांच्या फौजा सीमा ओलांडून आल्यावर, जानेवारी २०१७ मध्ये ते देश सोडून गेले. आजीची बैलजोडीची पेटी आणि गांबियाचं पिंप मला एकाच कारखान्यातून निघाल्यासारखे वाटतात. आपण आपली पेटी विसरलो, आणि तिकडच्या पिंपाची बातमी आली की हसतो.

आता तुमच्या आक्षेपाकडे येते. "आफ्रिकेत काय, रोज लष्कर सत्ता घेतं." घेतं, खरं आहे. २०२० पासून माली, गिनी, बुर्किना फासो, नायजर, गॅबन, एकामागून एक पडले. मालीच्या बामाकोत, नायजरच्या नियामेत तरुण पोरं सैनिकांच्या गाड्यांवर चढून नाचली, हेही आपण पाहिलं. पण का नाचली, हे आपण विचारलं का? ज्या देशात निवडणुका होत राहतात आणि माणूस तोच राहतो, घटनेत दोनच मुदती लिहिलेल्या असतात आणि तिसरीसाठी घटनाच बदलली जाते, तिथे पोरांना मतपेटी आणि रणगाडा यांत फरक वाटेनासा होतो. गिनीत तसंच झालं होतं. पोरं चुकली असं माझं मत आहे. रणगाड्यावरून आलेला माणूस तुमच्या टाळ्यांनी खाली उतरत नाही. पण हे त्यांच्यासमोर बसून, त्यांचं ऐकून म्हणायचं असतं. आणि आणीबाणीत गाड्या वेळेवर धावतात म्हणून खूश असलेले लोक याच गल्लीत होते, त्यातले दोन आमच्या घरात.

शिवाय 'आफ्रिकेत' म्हणजे कुठे? ५४ देश आहेत. बोट्स्वानात स्वातंत्र्यापासून, म्हणजे १९६६ पासून एकच पक्ष सत्तेत होता. २०२४ मध्ये तो हरला, राष्ट्राध्यक्षांनी हार मान्य केली आणि नवे आले. एक काचही फुटली नाही, म्हणून आपल्या वर्तमानपत्रांत ती बातमीही झाली नाही. केनियात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांची निवडणूक रद्द केली, खंडात पहिल्यांदाच. त्याच वर्षी तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता मिळाली. आपल्या शेजारच्या पटेलांचे निम्मे नातेवाईक त्या ४४ व्या जमातीत आहेत! आणि मॉरिशस तर आपलंच. कोकणातून गेलेल्या मराठी माणसांची नातवंडं-पतवंडं तिथे मतदान करतात. गणपतीत त्यांचे फोटो आपण एकमेकांना पाठवतो. पण तिथे मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा एकाच आघाडीला मिळण्याचा प्रकार १९८२, १९९५ आणि २०२४ असा तीनदा झाला आणि तरीही निवडणुका होऊन सरकारं बदलत राहिली. हे कसं जमतं, हा प्रश्न त्यांना कधी विचारलाय आपण?

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मी जी संध्याकाळ मागते आहे तिचं मोठं रूप तिथे झालं. मातियू केरेकू १९७२ पासून लष्करी उठावाने सत्तेवर होते. १९८९ पर्यंत तिजोरी रिकामी झाली, पगार थकले, शिक्षक संपावर गेले. फेब्रुवारी १९९० मध्ये कोतोनूतल्या एका हॉटेलात सुमारे पाचशे प्रतिनिधी बसले: शिक्षक, कामगार, शेतकरी, धर्मगुरू, सैनिक, जुने राजकारणी. अध्यक्षस्थानी एक आर्चबिशप. केरेकूंना वाटलं होतं, बोलून मोकळे होतील. पण सभेने ठरवलं, की आपले निर्णय शेवटचे आणि राष्ट्राध्यक्षांवरही बंधनकारक. नऊ दिवस चाललेलं ते बोलणं लोकांनी रेडिओवर ऐकलं. केरेकूंनी ते मानलं. १९९१ मध्ये ते निवडणूक हरले आणि घरी गेले. १९९६ मध्ये मतांनी परत आले. बेनिनचं पाहून टोगोत आणि झैरेतही (आताचा काँगो) अशाच परिषदा भरल्या. टोगोत राष्ट्राध्यक्ष एयादेमा मरेपर्यंत, म्हणजे २००५ पर्यंत खुर्चीवर राहिले. झैरेत राष्ट्राध्यक्ष मोबुतूंनी परिषद इतकी लांबवली की ती थकून गेली. म्हणजे नुसतं बोलायला बसवून काही होत नाही. बोलणाऱ्यांनी काय ठरवलं आणि सैन्य कुणाकडे पाहत होतं, हे विचारावं लागतं. मलावीत २०१९ मध्ये मोर्चेकरी आणि पोलीस यांच्यामध्ये सैनिक येऊन उभे राहिले, हा तपशील मुलाने तीन वेळा सांगितला. मला एकदाच पुरला असता, पण त्याला तो तीनदा सांगावासा वाटला.

सुदानचा एक विद्यार्थी त्याच्या ओळखीचा आहे. तोही एकदा आला होता. मी त्याला उत्साहाने सांगितलं, की सुदानची पहिली निवडणूक १९५३ मध्ये आमचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी घेतली, आणि पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीए या लष्करी प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात, तुमच्या देशाने दिलेल्या देणगीतून ती बांधली. तो नम्रपणे ऐकत राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांच्याकडे पावाची किंमत वाढली म्हणून अतबारा शहरात लोक उठले, आपल्या मेसच्या बिलासारखेच. तीस वर्षं सत्तेवर असलेला हुकूमशहा एप्रिल २०१९ मध्ये गेला. अडीच वर्षांत लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, आणि एप्रिल २०२३ पासून दोन सेनापती एकमेकांशी लढत आहेत, मध्ये लोक मरत आहेत. मी विचारलं, घरचे कुठे आहेत? तो म्हणाला, "काही इजिप्तमध्ये." 'काही' या शब्दापुढे तो गेला नाही. त्याला मी व्यासपीठावर बोलावणार नाही, तुम्हीही बोलावू नका. यायचं असेल तर तो मागच्या खुर्चीवर बसेल.

यावरून माझ्या अटी सांगते. मुलांना ढोल वाजवायला किंवा नाचायला सांगायचं नाही. प्रजासत्ताकदिनाच्या कार्यक्रमांत ते आपण पुष्कळ केलं. नाव, फोटो, रेकॉर्डिंग काही नको. काहींच्या देशात इथलं एक वाक्य तिथल्या आईवडिलांना महागात पडू शकतं. हार-नारळ नको, प्रमुख पाहुणे नकोत. खुर्च्या गोल मांडा, म्हणजे पहिली रांग कुणाची यावरून भांडण होणार नाही. मुलं इंग्रजीत आणि मोडक्या हिंदीत बोलतील, मराठीत मी सांगत जाईन. आणि आपल्यातल्या म्हाताऱ्यांनीही बोलायचं: ज्यांनी १९५७ पाहिलं, १९७४ पाहिलं, ज्यांच्या घरी १९७२ साली इदी अमीनने नव्वद दिवसांत हाकललेली युगांडाची कुटुंबं एकेक पेटी घेऊन उतरली. ज्यांनी सगळं गमावलं, त्यांनी या मुलांना विचारावं, आणि मुलांनीही त्यांना. कडू प्रश्न निघतील: तुमच्या लोकांची दुकानं होती आणि आमच्या लोकांना तुम्ही उंबऱ्याबाहेर उभं करत होता, असंही कुणी म्हणेल. म्हणू द्या. तेवढ्यासाठीच तर बसायचं आहे.

मलावीबद्दल एक गोष्ट राहिली. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षं तिथे हेस्टिंग्ज बांदा राज्य करत होते, कायद्याने तहहयात राष्ट्राध्यक्ष. बायकांनी पॅंट घालायची नाही, हेही त्यांनीच ठरवलेलं. मार्च १९९२ मध्ये कॅथलिक बिशपांनी एक पत्र लिहिलं आणि एकाच रविवारी ते देशभरच्या चर्चमध्ये वाचलं गेलं. गरिबी, इस्पितळं, शाळा, बोलायची भीती, सगळं त्यात होतं. सरकारने ते पत्र जवळ बाळगणं गुन्हा ठरवलं. पुढच्या वर्षी, जून १९९३ मध्ये सार्वमत झालं. अनेक पक्षांसाठी कंदिलाचं चिन्ह, एका पक्षासाठी काळ्या कोंबड्याचं. कंदील जिंकला. १९९४ च्या निवडणुकीत बांदा हरले आणि गेले. त्या मुलाच्या आजीने ते पत्र पिठाच्या डब्यात लपवलं होतं म्हणे. माझं पत्र लपवण्याइतकं काही मोठं नाही, तुम्ही ते सूचनाफलकावर लावलंत तरी चालेल.

मुलाची परीक्षा मे महिन्यात संपते, मग तो परत जाईल. म्हणजे संध्याकाळ एप्रिलच्या आत हवी. उन्हाळ्यात वरच्या सभागृहातले पंखे चालत नाहीत, म्हणून खालचा वाचन-कक्ष द्या. चहा मी करीन, न्सिमा तो करील. चाळीस खुर्च्या पुरतील, पंधरा भरल्या तरी हरकत नाही.

उत्तर कृपया लेखी द्या. फोनवर तुम्ही सगळे "बघू, बाई" म्हणता.

आपली,
दांडिया बाजारातली एक निवृत्त नागरिकशास्त्र शिक्षिका